दोल्ना रेपाचा उलटा हत्ती

मित्रांनो, मला उचलण्याआधी एक सांगा, हात धुतलेत का? नाही ना? वाटलंच मला. मग लांबूनच ऐका.

बुद्धिबळाच्या एका जुन्या लाकडी संचातला मी पांढरा हत्ती. सोंड शोधू नका, ती मला नाही. दिसायला मी किल्ल्याच्या बुरुजासारखा आहे, आमच्या बल्गेरियात मला तोफ म्हणतात आणि तुम्ही हत्ती म्हणता. मी नक्की कोण याचा निकाल लागेपर्यंत माझ्या अंगावर मळाची इतकी पुटं चढली, की मी पांढराही उरलो नाही. माझा रंग कानातल्या मळासारखा झाला. यात अलंकार नाही, काही अंशी तो कानातलाच मळ होता.

माझा जन्म एका लाकूडकामाच्या कारखान्यात झाला. तिथे मुख्यतः खुर्च्यांचे पाय बनत. एखादा पाय तिरका निघाला, की कारागीर त्याचा तुकडा पाडून लेथवर फिरवत आणि त्यातून हत्ती काढत. म्हणजे मी मुळात खुर्चीचा नापास झालेला पाय. पण मला त्याची लाज नव्हती. माझ्या पोटात शिसं भरलं, तळाला मऊ हिरवं कापड लावलं, अंगावर पॉलिशचा हात फिरवला. मी लखलखत होतो. आयुष्यात एकदाच, आणि तेही संध्याकाळपर्यंत.

संध्याकाळी आम्हाला दोल्ना रेपा गावच्या वाचनघरात आणलं. खाली पुस्तकं, मधल्या मजल्यावर नाचाचा वर्ग आणि वर बुद्धिबळाची खोली. पहिल्याच माणसाने मला उचललं तेव्हा त्याने नुकतीच बानित्सा खाल्ली होती. बानित्सा म्हणजे चीज भरलेला, लोण्याने निथळणारा पापुद्र्यांचा रोल. आमच्या गावात सगळे न्याहारीला तोच खातात आणि बोटं माझ्यावर कोरडी करतात. कुणी लसूण सोलून येई, कुणी कान कोरत चाल शोधी आणि चाल सापडली की त्याच बोटाने खेळी. एकदा माझ्यावर बोझा सांडला. बोझा हे आंबवलेल्या धान्याचं घट्ट, गोड पेय असतं. मी पटाला असा चिकटलो की आठवडाभर मला कुणी हलवू शकलं नाही आणि मारूही शकलं नाही. त्या आठवड्यात पांढरा एकही डाव हरला नाही. लोकांनी त्याला भक्कम बचाव म्हटलं. माझ्या वाट्याला आलेलं ते पहिलं कौतुक.

आणखी एक गोष्ट. वाचनघराची देखभाल पेना नावाच्या बाई करतात. सगळे त्यांना लेल्या म्हणतात, म्हणजे मावशी. लेल्या पेनाचा जीव फार मोठा आहे आणि दृष्ट लागण्यावर विश्वास त्याहून मोठा. दृष्ट लागू नये म्हणून आमच्याकडे तीनदा थुंकतात. इतर बायका नुसता आवाज काढतात. लेल्या पेनाला खोटेपणा आवडत नाही.

तर मित्रांनो, अशी वर्षं गेली आणि आमच्या गावात मुलांची आंतरराष्ट्रीय सांघिक स्पर्धा भरली. देशोदेशीचे संघ आले, प्रत्येक संघात चार मुलं आणि एक राखीव. नवे प्लास्टिकचे संच मागवले होते, ते कमी पडले. म्हणून शेवटच्या काही पटांवर आम्हा जुन्यांना बसवलं. नव्या संचांत जास्तीचा एकेक वजीर असतो, प्यादं शेवटच्या घरात पोचलं की लगेच हाताशी यावा म्हणून. आमच्यात तसली चैन नव्हती. ज्याचा वजीर मेला असेल त्यानेच पुन्हा जिवंत व्हायचं, असा आमच्याकडचा रिवाज.

मी आलो गावच्या संघाच्या चौथ्या पटावर. तिथे दारेना खेळायची. बारा वर्षांची, किडकिडीत, नखं स्वच्छ कापलेली. ती डाव सुरू होण्याआधी मला बाहीने पुसायची. बाही फार स्वच्छ नसे, पण भावना पोचायची. संघातला राखीव खेळाडू होता कामेन. खेळायला बरा, पण तोंडात सतत भोपळ्याच्या बिया. टरफलं तो आमच्या पेटीत थुंकायचा. पेटीत रात्री आम्हीच झोपतो.

शेवटच्या फेरीच्या सकाळी प्रशिक्षक वेलिझार सरांनी दारेनाला पटापाशीच गाठलं.

"जिंकलो तर तिसरा क्रमांक आपला. आज जिंकलीस तर पुढच्या वर्षी चौथा पट तुझा. नाही तर कामेन बसेल."

"आणि बरोबरी झाली तर?"

"बरोबरीचं पदक बघितलंयस कुठे? कामेन."

"सर, तो पटावर बिया थुंकतो."

"थुंकू दे. घाबरत तर नाही ना! तू प्यादं पुढे टाकतानासुद्धा त्याची माफी मागितल्यासारखं करतेस."

दारेनाने मला पुन्हा बाहीने पुसलं. मला मात्र आतलं शिसं थंड पडल्यासारखं वाटलं. तिची जागा जाणार होती आणि माझ्या नशिबी कामेनची बोटं येणार होती. तेवढ्यात लेल्या पेना बादली ठेवून धावत आली.

"थांब गं पोरी! परदेशी डोळे फार वाईट. थू! थू! थू!"

"लेल्या, पटावर नको ना!"

"अगं, दृष्ट पटालाच लागते, तुला कोण बघतंय?"

तिसरी थुंकी माझ्या माथ्यावरच्या खळग्यात पडली. तिथे ती डावभर राहिली.

समोर डेन्मार्कहून आलेला येपे नावाचा मुलगा बसला. नीट विंचरलेले केस, गोड चेहरा, वागायला अतिशय सभ्य. त्याला एकच खोड होती, विचार करताना तो चावायचा. आधी त्याने बॉलपेनचं टोपण चावलं. मग गळ्यातल्या बिल्ल्याची दोरी. मग दारेनाचा वजीर मारला आणि तो तोंडात घातला.

होय मित्रांनो, तोंडात. आमचा वजीर, पांढऱ्या सैन्यातला सगळ्यात मानी गडी, मुकुटापासून मानेपर्यंत त्या पोराच्या गालात. मीही तोवर मारला गेलो होतो आणि पाण्याच्या बाटलीशेजारी उभा होतो. मला सगळं दिसत होतं. ऐकूही येत होतं. चोखताना होतो तो आवाज मी वर्णन करणार नाही, कारण तुमच्यापैकी काही जण जेवत असतील.

दुपार झाली. बाकीचे तीन डाव संपून दोन्ही संघांचे दीड-दीड गुण झाले. सगळं दोल्ना रेपा प्रेक्षकांसाठी बांधलेल्या दोरीपलीकडे गोळा झालं. आमच्या पटावर आता तिघंच उरले होते. काळा राजा पटाच्या डाव्या काठाला लागून. दारेनाचा राजा त्याच्यापासून एक घर सोडून. आणि दारेनाचं एक प्यादं, शेवटच्या ओळीच्या उंबरठ्यावर. एक पाऊल टाकलं की त्याचा वजीर होणार होता.

आणि तिथेच खड्डा होता. वजीर केला, तर काळ्या राजाला शह बसत नव्हता, पण पाय ठेवायला एक घरही उरत नव्हतं. बुद्धिबळात अशा वेळी डाव बरोबरीत सुटतो. मला हे दिसत होतं. येपेला दिसत होतं. दारेनाला दिसत नव्हतं, कारण तिच्या घड्याळात काही सेकंद उरले होते आणि ती फक्त घड्याळ बघत होती.

तिने प्यादं ढकललं आणि वजीर शोधायला हात पुढे केला. येपेने लगेच वजीर तोंडातून काढला आणि हसून पुढे धरला. "घे ना," तो मोडक्या इंग्रजीत म्हणाला. इतकी मदत करायची इच्छा मी कुणाच्या चेहऱ्यावर कधी पाहिली नव्हती. मुकुटापासून त्याच्या ओठापर्यंत लाळेची एक तार लोंबत होती आणि खिडकीतल्या उन्हात चमकत होती.

दारेनाने मान वर-खाली हलवली.

आता हे तुम्हाला सांगायला हवं. आमच्याकडे मान वर-खाली हलवली की "नाही" आणि आडवी हलवली की "हो". बाकीचं जग उलट करतं, त्याला आमचा इलाज नाही. दारेना सांगत होती, नको, नको, देवाशपथ नको. येपेला वाटलं, हो म्हणतेय. त्याने वजीर अगदी तिच्या बोटांपाशी ठेवला. टेबलावर टेकताना त्याचा आवाज लाकडासारखा आला नाही. गोगलगाय पडावी तसा आला.

दारेनाचा हात झटक्यात मागे गेला. तिला इतकी शिसारी आली की मला दिसेल एवढा काटा तिच्या मनगटावर उभा राहिला. तिने मला पकडलं. मी कोरडा होतो, निदान बाहेरून. तिने मला डोक्यावर उलटा उभा केला, त्या घरात ठेवला आणि घड्याळ दाबलं. वजीर सापडला नाही की सगळीकडची पोरं असंच करतात, हत्ती उलटा ठेवतात आणि त्याला वजीर समजतात. लेल्या पेनाची ती थुंकी माझ्या खळग्यातून पटावर उतरली. मित्रांनो, इतका अपमान आणि इतका ओलावा मी एकाच क्षणी कधी सोसला नव्हता.

येपे टुणकन उठला. "बरोबरी! राजा अडकला! बरोबरी!"

पंच आल्या. पोर्तुगालच्या ग्रासिंदा बाई, चष्मा साखळीला बांधलेला. त्यांनी वाकून पट पाहिला.

"इथे काय उभं आहे?"

"वजीर," येपे म्हणाला. "उलटा हत्ती म्हणजे वजीर."

"बाळ, तू उलटा उभा राहिलास तर तुझा काका होतो का?"

"नाही, पण..."

"हत्ती उलटा असला तरी हत्तीच. तसा नियम आहे. शिवाय खरा वजीर तिच्या हातापाशी होता." बाईंनी वजीर दोन बोटांनी उचलला, लगेच खाली ठेवला आणि बोटं रुमालाला पुसली. "हाताशी असलेला वजीर सोडून तिने हत्ती घेतला. मुली, तुला हत्तीच हवा होता ना?"

दारेना खोटं बोलत नाही. तिने जोरजोरात मान वर-खाली हलवली. नाही, नाही, नाही.

"बघ, हो म्हणतेय," ग्रासिंदा बाई म्हणाल्या आणि त्यांनी मला सरळ केलं.

हत्तीला वजिरासारखं तिरकं जाता येत नाही. त्यामुळे काळ्या राजाला एक घर मोकळं झालं. येपेने सुस्कारा सोडून राजा तिथे सरकवला, दुसरीकडे जागाच नव्हती. दारेनाने आता घड्याळाऐवजी पटाकडे बघितलं. मग तिने मला ओळीच्या टोकाला, कोपऱ्यात सरकवलं. शह आणि मात. मी मात दिली होती. येपेने वजीर उचलला आणि पुन्हा तोंडात घातला.

दोरीपलीकडे जो गोंगाट झाला त्यात वेलिझार सरांचा आवाज सगळ्यांत मोठा होता. कारण ते आमच्या गावचे, त्यांना मान वाचता येत होती. ते टेबलापर्यंत धावत आले आणि दारेनाच्या कानाशी लागले.

"मान हलवू नकोस. कुठल्याच दिशेला नको."

"सर, मला वजीर हवा होता."

"हवा असणं वेगळं आणि पटावर असणं वेगळं."

"तो ओला होता."

"कोण?"

"वजीर."

सरांनी डोळे मिटले. "हे वर्तमानपत्रवाल्याला सांगू नकोस."

तिने सांगितलं. गावच्या वर्तमानपत्रातल्या माणसाने तिला विचारलं, "वजीर केला तर बरोबरी होईल, हे तू किती आधी पाहिलंस?" ती म्हणाली, "पाहिलंच नव्हतं." तो म्हणाला, "वा!" आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर छापून आलं, 'न बघता जिंकली!'

संध्याकाळी मेजवानी झाली. वजडीचं लसूण घातलेलं सूप होतं, ते आमच्याकडे आनंदाच्या प्रसंगी पितात आणि दुःखाच्याही. मला ताटलीत घालून हातोहात फिरवलं. प्रत्येकाने माझा मुका घेतला. नगराध्यक्षांच्या मिशीत वजडीचा एक तुकडा होता. मुका झाल्यावर तो मिशीत नव्हता.

मग सरांनी मला काचेच्या कपाटात बसवलं. बुटाचे तळवे चिकटवायच्या गोंदाने, डोक्यावर उलटा. खाली पुठ्ठ्यावर लिहिलं, 'दूरदृष्टीचा हत्ती'. माझ्या एका बाजूला कसर लागलेला, पेंढा भरलेला मुंगूस होता. त्याचे केस गळून माझ्या तळाच्या कापडावर पडत. तिकडे पटावर माझ्या जागी खोकल्याच्या औषधाचं टोपण उभं केलं, आतून अजून चिकट असलेलं. त्याला सगळे हत्ती म्हणत. मला त्याच्याबद्दल राग नाही, फक्त किळस आहे.

पाहुणे येत. सर दारेनाला कपाटाशेजारी उभं करत आणि गोष्ट सांगत. ती प्रत्येक वेळी म्हणे, "खरं म्हणजे मला वजीर हवा होता."

"किती नम्र पोर आहे!" पाहुणे म्हणत, आणि कुणीतरी तिचा गालगुच्चा घेई.

मला काचेतून दिसायचं, ती खेळेनाशी झाली. प्यादं पुढे सरकलं की खोलीतले सगळे श्वास रोखून बघत, आता ही काय चमत्कार करते, आणि तिचा हात हवेतच थांबायचा. चौथा पट तिचा होता, पण ती त्याच्यासमोर पाहुण्यासारखी बसायची.

एका दुपारी ती ब्रेड कापायची सुरी घेऊन आली. कपाट उघडलं आणि सुरी माझ्या माथ्याखाली घातली. वेलिझार सर वर्तमानपत्र टाकून उठले.

"अगं, अगं! तो गावाचा मान आहे!"

"सर, तो संचातला हत्ती आहे. कामेन, बस समोर. चौथ्या पटासाठी खेळायचं."

"तो तर तुझाच आहे," कामेन म्हणाला. त्याच्या खालच्या ओठाला टरफल चिकटलं होतं.

"अजून नाही."

"आणि हरलीस तर?" सरांनी विचारलं.

"तर कामेन बसेल. तुमचंच म्हणणं."

कट्ट आवाज झाला आणि मी सुटलो. माझ्या माथ्याचा एक कंगोरा कपाटातच राहिला. तिने टोपण बाजूला केलं आणि मला माझ्या घरात ठेवलं. सरळ.

"थांब, हात पुसतो," कामेन म्हणाला आणि त्याने हात पँटला पुसले. त्या पँटचा विचार मी अजूनही करतो.

मित्रांनो, ती छान खेळली. हात हवेत थांबला नाही, प्यादं ढकलताना तिने कुणाची माफी मागितली नाही. मला तिने पटाच्या मधोमध मोकळ्या रांगेत आणलं, तिथून मला सगळं मैदान दिसत होतं. पण कामेनही छान खेळला. मला मान्य करायला जड जातं, पण त्या चिकट बोटांत अक्कल होती. त्याने घोड्याने मला मारलं, मग तिचा राजा उघडा पडला, आणि ती हरली.

 मग सरांनी दार लोटून घेतलं.

"हे बघा, बाहेर सांगायची काही गरज नाही. आपण तिघंच आहोत."

"चौघं," दाराच्या फटीतून लेल्या पेना म्हणाली. तिच्या हातात ओलं फडकं होतं.

"लेल्या, तू तरी समजाव हिला."

"मी कशाला समजावू? खेळली, हरली. कामेन, तू जिंकलास, इकडे ये, थू, थू..."

"लेल्या, तोंडावर नको!" कामेन ओरडला.

दारेना उठली. "जागा तुझी," ती कामेनला म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. मग तिने लेल्या पेनाच्या हातातलं फडकं घेतलं, साबणाच्या पाण्यात बुडवून पिळलं आणि खाली बसली. मोहरे लावणं, आवरणं हे राखीव खेळाडूचं काम, आणि आता ते तिचं होतं. कामेनने ते कधी केलं नव्हतं.

तिने एकेकाला हातात घेतलं. राजाला, उंटांना, प्याद्यांना. वजिराला तिने जराही अंग न चोरता उचललं आणि मुकुटाच्या खाचाखाचांतून बोट फिरवलं. माझी पाळी आली तेव्हा बादलीतलं पाणी आधीच तपकिरी झालं होतं. तिने माझ्या माथ्यावरचा गोंद नखाने खरवडला. बोझा निघाला, लोणी निघालं, मिशीतलं सूप निघालं. खाली कुठेतरी लाकूड लागलं. ते पांढरं होतं. मी विसरून गेलो होतो.

"जूनमध्ये पुन्हा संघ निवडतील, तेव्हा ही जागा परत मागणार आहे मी," ती वर न बघता म्हणाली.

"माग की," कामेन म्हणाला. "पण आधी त्या घोड्याच्या तोंडातली बी दे. ती चांगली आहे, मी ठेवली होती."

सगळे पुसून, कोरडे करून तिने आम्हाला पेटीत आपापल्या जागी निजवलं. पेटी झाडून घेतली होती. झाकण लावलं, कडी घातली. आणि मग ती रडली. झाकणावर थेंब पडल्याचे आवाज आम्ही आतून ऐकले, पण आत एकही आला नाही.

मित्रांनो, आम्हाला कपाटं नकोत. मुके तर नकोतच नकोत. डाव संपला की ओल्या फडक्याने पुसा, कोरडं करा आणि पेटीत ठेवा. जिंकला असाल तर हे लगेच करा, नाही तर लोक जमतात. हरला असाल तरी आधी आम्हाला पुसा आणि मग रडा. रडूसुद्धा चिकट असतं.